बंदुकीच्या मानेवरचे साल

दिल्लीच्या नैर्ऋत्येस द्वारका नावाचे जे विस्तीर्ण उपनगर आहे, त्याचा श्रीकृष्णाच्या द्वारकेशी संबंध केवळ नावापुरता. एकेकाळी या भागास पप्पनकलां म्हणत. दिल्ली विकास प्राधिकरणाने येथे वसाहत आखली, सहकारी गृहसंस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि २००५ च्या अखेरच्या दिवशी मेट्रो येथवर येऊन पोहोचली. सरकारी कचेऱ्यांतून व सैन्यातून निवृत्त झालेली बरीच मंडळी येथे स्थिरावली आहेत. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. गणपतीच्या दिवसांत एखाद्या सेक्टरमधून आरतीचा आवाज आला की परक्या मुलखात आपले माणूस भेटल्यासारखे वाटते.

अशाच एका मराठी घरी काही महिन्यांपूर्वी मला चहाचे बोलावणे आले. निमित्त होते एका बंदुकीचे. बंदूक द्वारकेत नव्हती. ती सापडली होती सातारा जिल्ह्यातील त्यांच्या मूळ गावी, जुना वाडा उतरवताना माळ्यावर, गोणपाटात गुंडाळलेली. घरातल्या पुतण्याने शहाणपणा केला. तिला हात न लावता त्याने प्रथम पोलीस ठाण्यास कळविले. हवालदारांनी येऊन बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, पंचनामा केला आणि ती घेऊन जाण्यापूर्वी पुतण्यास तिची छायाचित्रे काढू दिली. ती अठरा छायाचित्रे मोठ्या आकारात छापून घेऊन सूनबाईंनी जेवणाच्या टेबलावर पसरली होती. टेबलाच्या टोकाशी आबा बसले होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान थोडे मंद. पण नजर त्या चित्रांवरून हलत नव्हती.

"ही कूतची बंदूक," आबा म्हणाले. "माझ्या वडिलांनी पहिल्या महायुद्धात कूतला वापरलेली. आमच्या घरात तिला दुसरे नावच नाही."

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. मला जुन्या शस्त्रांवरील खुणा वाचण्याचा थोडा नाद आहे हे त्यांना ठाऊक होते. बंदूक खरोखर कूतची आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. आणि ती तशी नसेल तर ते आबांना कसे सांगावे, हाही प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता.

कूत-अल-अमारा हे नाव आज फारसे कोणाच्या ओठी नाही. इराकमधील तैग्रिस नदीच्या वळणावरचे हे गाव. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी तेथे जनरल टाउनशेंड यांच्या फौजेस वेढा घातला. ही फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा चालला. धान्य संपत आले, घोडे कापून खाण्याची वेळ आली आणि अनेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारून उपासमार पत्करली. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली तेव्हा सुमारे १३ हजार माणसे कैदी झाली. वाळवंटातून त्यांना पायी नेण्यात आले. हिंदी कैद्यांपैकी कित्येकांना रास-अल-ऐन येथे रेल्वेमार्गाच्या कामास लावले. कित्येक वाटेतच गेले. आबांचे वडील परत आले, लग्न केले, शेती केली, आणि त्यांच्या उतारवयात आबांचा जन्म झाला.

आता वाचकांनी स्वतःस एक साधा प्रश्न विचारावा. जो शिपाई शत्रूच्या हाती कैदी झाला आणि दोन-अडीच वर्षे परमुलखात खडी फोडीत राहिला, तो आपली बंदूक घरी कशी आणील? शरणागतीपूर्वी तोफा आणि दारूगोळा निकामी करण्यात आला होता. शिवाय बंदूक ही शिपायाची मालमत्ता कधीच नसते. ती सरकारची असते आणि नोकरी संपली की शस्त्रागारात परत जाते. हा विचार माझ्या मनात आला होता, पण मी तो बोललो नाही. तर्काने माणूस गप्प होतो. त्याचे समाधान होत नाही. लोखंडावर काय लिहिले आहे ते आधी पाहावे, असे मी म्हटले.

लष्करी बंदुकीवर जितके लिहिलेले असते तितके एखाद्या ताम्रपटावरही क्वचितच असेल. मात्र ते कोठे पाहावे हे माहीत हवे. आपल्या देशात सर्वांत जास्त आढळणारी जुनी लष्करी रायफल म्हणजे .३०३ बोअरची ली-एनफील्ड. तिचा लाकडी दस्ता जेथे लोखंडी शरीरास मिळतो, तेथे एक रुंद लोखंडी कडे असते. त्यास आपण बंदुकीची मान म्हणू. बंदुकीचे तोंड पुढे ठेवून मानेची उजवी बाजू पाहावी. तेथे वरून खाली चार गोष्टी ठोकलेल्या दिसतात : राजमुकुट आणि राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल, आणि नमुन्याचे नाव.

आद्याक्षरांपासून आरंभ करू. व्ही. आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया. ई. आर. म्हणजे सातवा एडवर्ड. जी. आर. म्हणजे जॉर्ज, आणि पाचवा जॉर्ज व सहावा जॉर्ज या दोघांचीही अक्षरे तीच असल्यामुळे केवळ त्यावरून काळ ठरत नाही. हिंदुस्थानात बनलेल्या बंदुकांवर याला आणखी एक अक्षर जोडलेले दिसते, जी. आर. आय. हे शेवटचे अक्षर 'इम्परेटर' या लॅटिन शब्दाचे. इंग्लंडात जो राजा, तो येथे सम्राट! ते अक्षर पाहिले की ही बंदूक इंग्लंडातील नव्हे, बंगालमधील ईशापूर कारखान्याची असावी असा संशय येतो आणि खालचे नाव वाचले की तो पक्का होतो. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या बंदुकांवरून राजमुकुट गेला आणि तेथे अशोकस्तंभावरील सिंह आले. कारखान्याचे नावही आर. एफ. आय. अशा तीन अक्षरांत येऊ लागले.

कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी असलेल्या या ईशापूरची कथा मोठी आहे. तेथे अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचा दारूचा कारखाना होता. त्याच परिसरात १९०४ साली रायफलींचा कारखाना उभा राहिला. २०२१ साली देशातील सर्व आयुधनिर्माणींचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले, तेव्हा तोही त्यांपैकी एकीकडे गेला. इंग्लंडातील बंदुकांवर एनफील्ड, बी. एस. ए. कंपनी किंवा एल. एस. ए. कंपनी अशी नावे आढळतात. ऑस्ट्रेलियात लिथगो येथे कारखाना होता. एकाच नमुन्याची बंदूक जगाच्या तीन कोपऱ्यांत बनत होती, म्हणून नाव वाचणे अगत्याचे.

नमुन्याचे नाव हेही काळ सांगते. आखूड ली-एनफील्डचा पहिला नमुना विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचा. तिसरा नमुना, म्हणजे तीन उभ्या रेघांचा 'मार्क तीन', १९०७ चा. पहिल्या महायुद्धात बंदुका लवकर व स्वस्तात हव्या होत्या. तेव्हा तिच्यातील काही नाजूक भाग गाळले गेले : दूरच्या माऱ्यासाठी डाव्या कुशीस असलेली जादा नेमपट्टी, आणि काडतुसांची पेटी बंद ठेवणारी पोलादी पाती. या साध्या केलेल्या नमुन्यास तिसऱ्या अंकापुढे तारा मिळाला. म्हणून तारा दिसला की साल सहसा १९१५-१६ च्या अलीकडचे. १९२६ साली ब्रिटिशांनी नावेच बदलली आणि 'शॉर्ट ली-एनफील्ड'ऐवजी 'नंबर एक' असे नाव आले. लिथगोचा कारखाना मात्र पुढे दुसऱ्या महायुद्धातही जुने नाव ठोकीत राहिला. सरकारी कचेरीत नवा फॉर्म आला तरी जुन्याचा साठा संपेपर्यंत तोच चालतो, हे आपणांस सांगावयास नको.

येथे आपण विचाराल की, अनुक्रमांकाचे काय? बंदुकीचा नंबर पाहून साल सांगता येत नाही का? हा प्रश्न सर्वजण प्रथम विचारतात, आणि फसगतही येथेच होते. ली-एनफील्डवर नंबर सहसा चार आकड्यांपर्यंतचा असतो व त्यामागे एक किंवा दोन अक्षरे असतात. ९९९९ झाले की अक्षर बदलून पुन्हा १ पासून सुरुवात. प्रत्येक कारखान्याची ही मोजणी स्वतंत्र. त्यामुळे एकच अक्षर आणि एकच आकडा धारण करणाऱ्या दोन-तीन बंदुका जगात असू शकतात. द्वारकेतील रहिवाशांना हे चटकन् उमगते. 'फ्लॅट नंबर २०४' एवढाच पत्ता लिहून पत्र टाकले तर टपालवाला काय करील? सेक्टर हवा, संस्थेचे नाव हवे, तेव्हा कोठे २०४ ला अर्थ येतो. बंदुकीचा नंबर हा फ्लॅटचा नंबर होय. कारखाना आणि साल हे त्याचे सेक्टर व संस्था.

मग नंबर निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे. तोच नंबर कारखान्यात बंदुकीच्या अनेक भागांवर ठोकला जाई : शरीराच्या पुढील कड्यावर, नळीच्या मुळाशी, बोल्टच्या मुठीमागे, नेमपट्टीच्या खालच्या अंगास, आणि बऱ्याचदा नळीच्या तोंडावरील लोखंडी टोपीवर व पुढील लाकडाच्या आतही. हे सारे नंबर जुळले तर बंदूक जन्मल्यापासून एकसंध आहे. न जुळले तर ती दोन-तीन बंदुकांच्या अवशेषांतून उभी राहिली आहे. बोल्ट आणि शरीर यांचा नंबर वेगळा असणे तर धोक्याचेही असते. कारण काडतुसाचा सगळा दाब ज्या दोन भागांवर येतो, ते एकमेकांशी मोजून बसविलेले असतात.

नळीचा हिशेब आणखी निराळा. नळी झिजते. आतले आटे गेले की आर्मरर ती काढून दुसरी बसवितो. नळीच्या मुळाशी बहुधा तिचे स्वतःचे साल असते, कित्येकदा केवळ शेवटचे दोन आकडे. मानेवर १९१७ आणि नळीवर ४१ असे आढळले तर बावरू नये. माणसाच्या तोंडात कवळी असली म्हणून त्याचे वय कमी होत नाही! एफ. टी. आर. ही अक्षरे व त्यापुढे एखादे साल दिसले तर ती बंदूक त्या वर्षी कारखान्यात पूर्ण उघडून दुरुस्त झाली, असे समजावे. अशा दुरुस्तीचे साल हेच जन्मसाल मानून बसलेले हौशी लोक मी पाहिले आहेत.

आणि बाणाची खूण. तीन रेघांचा एक रुंद बाण ब्रिटिश सरकारच्या प्रत्येक वस्तूवर असे, तंबूपासून तोफेपर्यंत. हिंदुस्थान सरकारच्या वस्तूंवर त्या बाणाखाली आय हे अक्षर. बंदूक सरकारने रीतसर विकली तर पहिल्या बाणास टोक लावून दुसरा उलटा बाण ठोकीत. एक बाण म्हणजे 'सरकारची', टोकास टोक भिडलेले दोन बाण म्हणजे 'सरकारने सोडलेली'. कुटुंबाच्या दृष्टीने ही खूण सालापेक्षाही महत्त्वाची ठरू शकते.

जुन्या बंदुकांत बनावटही असते, हे येथेच सांगून टाकतो. कोहाटजवळच्या दर्रा आदमखेल या गावातील पठाण कारागीर साध्या हत्यारांनी एनफील्डची हुबेहूब नक्कल करीत. पोलाद दुय्यम असे, पण हात कसलेला. त्यांना इंग्रजी मात्र वाचता येत नसे. ठसा पाहून ठसा उठवीत. त्यामुळे एनफील्ड या नावातील एन हे अक्षर उलटे पडे, मुकुट कोबीच्या गड्ड्यासारखा दिसे, आणि व्ही. आर. या अक्षरांखाली १९१९ असे साल येई. राणी व्हिक्टोरिया १९०१ च्या जानेवारीतच वारली. मेलेल्या राणीची बंदूक अठरा वर्षांनी कशी बनेल? एवढा एक विचार केला तरी हजारो रुपये वाचतात.

याहून जुन्या बंदुका हाती आल्या तर मात्र वरचा पुष्कळसा हिशेब गुंडाळून ठेवावा लागतो. कंपनी सरकारच्या ठासणीच्या बंदुकांवर साल असेल वा नसेल, पण मुद्रा असते. १८०८ पर्यंत बदामाच्या आकारात चार भाग करून व्ही. ई. आय. सी. ही अक्षरे, आणि त्यानंतर मागील पायांवर उभा, हातात मुकुट धरलेला सिंह. केवळ या बदलावरून बंदूक पेशवाईच्या अखेरच्या दशकाच्या अलीकडची की पलीकडची, हे सांगता येते. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड, जिच्या चरबीच्या काडतुसांनी १८५७ चा वणवा पेटला, तिच्या कळीच्या पट्टीवर मुकुट, साल आणि 'टॉवर' किंवा 'एनफील्ड' हे नाव असते. परंतु आजच्या अर्थाने अनुक्रमांक तिच्यावर शोधणे व्यर्थ होय. त्या उठावानंतर हिंदी पलटणींना आटे नसलेल्या, कमी अचूक बंदुका देण्यात आल्या. राज्यकर्त्यांच्या मनातला अविश्वास असा नळीच्या आतल्या बाजूस लिहून ठेवलेला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात शस्त्रांचे दालन आहे. तेथे मुलांना घेऊन गेलात तर तलवारींपुढे जरा कमी थांबा आणि बंदुकांच्या कळींकडे वाकून पाहा.

बंदुकीसोबत एखादे जुने काडतूस सापडले तर त्याची पेंदी वाचता येते. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तेथील पितळी काडतुसांच्या पेंदीवर के आणि एफ ही अक्षरे व सालाचे आकडे असतात. मात्र काडतूस सापडले तर ते वाचण्याच्या भानगडीत आपण पडू नये. शंभर वर्षांची दारूही पेट घेऊ शकते. ठाण्यास कळवावे आणि दूर राहावे.

आता द्वारकेच्या त्या टेबलाकडे परत येऊ.

मानेचे छायाचित्र पहिल्या पाहण्यात काळेकुट्ट होते. गंजावर काळ्या रंगाचा थर. पुतण्याने सुदैवाने काचकागद लावला नव्हता. जुन्या बंदुकीवर काचकागद फिरविणे म्हणजे शिलालेखावर टाकीचे घाव घालणे. शिवाय शस्त्र-अधिनियमाच्या आठव्या कलमाने बंदुकीवरील नाव, नंबर वा खूण पुसणे हा गुन्हा आहे. त्याने एवढेच केले होते की, अंधाऱ्या पडवीत बॅटरीचा झोत अगदी तिरका टाकून चार-पाच वेळा चित्र घेतले होते. तिसऱ्या चित्रात अक्षरे उभी राहिली. मुकुट. जी. आर. आय. त्याखाली ईशापूर. त्याखाली १९४२. त्याखाली 'नंबर एक', तीन रेघा, तारा.

मी भिंग खाली ठेवले. सूनबाईंनी साल वाचले होते. खोलीत कोणी काही बोलले नाही. १९४२ साली ही बंदूक बनली. कूतचा वेढा उठून तेव्हा २६ वर्षे झाली होती आणि आबांचे वडील गावी नांगर धरीत होते.

"नळी बदलली असेल," आबा म्हणाले. माझे बोलणे त्यांनी नीट ऐकले होते तर! पण साल नळीवरचे नव्हते, मानेवरचे होते. मान बदलत नाही.

इतर चित्रे पाहिली. शरीर आणि बोल्ट यांचे नंबर वेगळे. बाण एकच, त्याखाली आय. दुसरा बाण शोधूनही सापडला नाही. म्हणजे ती सरकारने विकलेली नव्हती. आणि शरीराच्या डाव्या अंगावर, पुन्हा लाकडावर, पुन्हा बोल्टवर, मोठ्या ठसठशीत अक्षरांत डी. पी. मी ही अक्षरे पाहून थांबलो. 'ड्रिल पर्पज'. जी बंदूक गोळी झाडण्यास लायक राहिली नाही, ती केवळ कवायतीसाठी ठेवून तिच्यावर ही अक्षरे ठोकीत, म्हणजे चुकूनही कोणी तिच्यात काडतूस भरू नये.

कूतची तर नव्हेच. पण जिच्यातून गोळीही झाडायची नाही अशी ही कवायतीची बंदूक. हे आबांना सांगणे मला जड गेले. तरी सांगितले. खोटे सांगून त्यांचे मन राखावे असे क्षणभर वाटले. परंतु ज्यांच्या वडिलांनी कूत पाहिले त्यांना गोड खोटे ऐकविण्याचा अधिकार मला कोणी दिला होता?

आबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकाएकी दोन्ही हात उचलून उजव्या खांद्याशी नेले, जणू तेथे काही वजन आहे. "बावन्न-त्रेपन्न साल असेल," ते म्हणाले. "आमच्या अंगणात गावातली पोरे उभी करायचे वडील. पंधरा-वीस पोरे. बंदूक एकच. आळीपाळीने हातात द्यायचे. 'बाजू शस्त्र', 'सलामी शस्त्र'. मी बारा वर्षांचा. मला उचलायचीच नाही." ली-एनफील्डचे वजन चार किलोच्या आसपास असते. "आणि कवायत संपली की बसवून कूतच्या गोष्टी सांगायचे. रोज कूत. म्हणून पोरे म्हणायची, चला, कूतच्या बंदुकीला. तिचे नाव पोरांनी पाडले असेल हो."

ती बंदूक त्यांच्याकडे कोणी दिली, कोणत्या कागदावर दिली, आणि परत का गेली नाही, याचा उलगडा झाला नाही. म्हाताऱ्या हवालदाराकडे कोणी तरी पोरांना शिकविण्यासाठी सोपविली असावी आणि त्यांच्यामागे ती माळ्यावर गेली असावी. एक बाण असल्यामुळे ती सरकारची, आणि सरकारकडे गेली हे उचितच झाले.

अशी वस्तू घरात निघाली तर काय करावे, हे वाचकांना येथे थोडक्यात सांगणे इष्ट होय. १९५९ च्या शस्त्र-अधिनियमानुसार परवान्याविना बंदूक बाळगता येत नाही. 'जुनी आहे, गंजली आहे, शोभेची आहे' असे म्हणून सुटका होत नाही. कायद्यातील ४५ व्या कलमात कालबाह्य वा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे. पण ते शस्त्र दुरुस्ती करूनही झाडता येणार नाही असे असले पाहिजे, आणि ते ठरविण्याचा अधिकार तज्ज्ञांचा, आपला नव्हे. पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा तर सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा विचार करतो. १९४२ ची बंदूक त्यात २०४२ पर्यंत बसत नाही. तेव्हा ती गावाहून शहरात, गाडीच्या डिकीत घालून, 'कोणाला तरी दाखवायला' नेऊ नये. जागेवर ठेवावी, ठाण्यास कळवावे, पावती घ्यावी. .३०३ ला म्हातारी समजू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती हीच बंदूक होती आणि उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

मी निघण्याच्या बेतात होतो. सूनबाईंनी विचारले, "मग आजेसासरे कूतला होते हे तरी खरे का? की तेही पोरांनीच पाडलेले?" प्रश्न आबांच्या मागे, हळू आवाजात होता. मी विचारले, घरात पदके आहेत का?

बंदुकीवर शिपायाचे नाव नसते. पदकावर असते. पहिल्या महायुद्धात १९१५ च्या अखेरपर्यंत जे रणभूमीवर उतरले, त्यांना काशाचा एक तारा मिळे. पुढील बाजूस एकमेकींवर आडव्या दोन तलवारी, आणि १९१४-१५ ही साले. मागची बाजू सपाट. तिच्यावर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली. रुप्याच्या युद्धपदकावर हीच माहिती कडेवर असते. कित्येक घरांतील रुप्याची पदके दुष्काळात मोडीत गेली. काशाला सराफ किंमत देत नाही, म्हणून तारे मागे राहिले.

सूनबाई आतून सुपारीचा डबा घेऊन आल्या. त्यात जुनी मोडी कागदपत्रे, एक तुटका चष्मा, दोन बटणे आणि खाली, हिरवट पडलेला तारा. त्याची रिबीन केव्हाच कुजून गेली होती. लहानपणी मुले त्याने भोवरा खेळली होती, हे कबूल करताना आबा ओशाळले. मी तो पालथा केला आणि टेबलावरच्या दिव्याखाली तिरका धरला. प्रथम चार आकडे दिसले. मग हुद्दा. मग नाव, इंग्रजांनी आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले. मग ११०, आणि मराठा.

११० क्रमांकाची मराठा पलटण कूतच्या वेढ्यात होती. १९२२ च्या पुनर्रचनेत तिचीच पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. तिच्यात पुढे १९४४ साली इटलीत यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आबांनी तारा माझ्या हातातून घेतला. मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला, नाव जेथे होते तेथे थांबवला. मग सूनबाईंना म्हणाले, "याचाही फोटो काढ. आणि तिरका उजेड पाड."